सर्जेरावाने आईला चालवलं

भोळी माणसं गावोगाव असतात. आमच्या तळसगावात एकच होता, पण तेवढा पुरत होता. नाव सर्जेराव. वय पंचेचाळीस, अंगाने दणकट, मिशी फौजदाराची आणि मन वासराचं. लग्न झालं नव्हतं. मुलगी बघायला गेला की दर वेळी काहीतरी व्हायचं. सांगितलेलं काम त्याने जन्मात कधी टाळलं नाही. गावाची तक्रार तीच होती.

घरात तो आणि त्याची आई, गोदाक्का. वय चौऱ्याहत्तर. संक्रांतीच्या आधी ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तालुक्याला ऑपरेशन झालं, टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, आता चालायला लागा. गोदाक्का म्हणाली, मला भ्या वाटतंय. आणि ती खाटेवर पडून राहिली. दवाखान्यातून चार पायांचा वॉकर दिला होता, त्यावर ती लुगडं वाळत घालायची.

एरवी पडून राहिली असती तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. पण चैत्रात निनाईची जत्रा. देवीची पहिली ओटी थोरल्या घरातली थोरली बाई भरते, आणि थोरलं घर सर्जेरावाचं. अट एकच. बाईने आपल्या उंबऱ्यापासून देवीपर्यंत आपल्या पायाने यायचं, कुणी अंगाला हात लावायचा नाही. काठी चालते, हात चालत नाही. जमलं नाही तर मान धाकट्या घराकडे जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. गोदाक्का बावन्न वर्षं ओटी भरत होती. धाकट्या घरातली तिची जाऊ तारूबाई पन्नास वर्षं बघत होती.

उंबऱ्यापासून देवीपर्यंत चारशे पावलं. जत्रेला जेमतेम सहा आठवडे राहिले होते.

म्हणून तालुक्याहून मुजावर मॅडम येऊ लागल्या. फिजिओथेरपी असं त्यांच्या कामाचं नाव. गावाने त्यांना व्यायामाच्या मॅडम करून टाकलं. दर मंगळवारी त्या स्कूटीवरून यायच्या, अर्धा तास शिकवायच्या आणि पुढच्या गावाला जायच्या. उरलेला आठवडा सर्जेरावाच्या ताब्यात.

पहिल्या मंगळवारी त्यांनी सर्जेरावाला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्याच पायावर व्यायाम दाखवला. गुडघा सरळ करायचा, पाय उचलून धरायचा, दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. एकही दिवस चुकवायचा नाही. सर्जेरावाने विचारलं, आवसेला? मॅडम म्हणाल्या, अमावास्येलासुद्धा.

सर्जेरावाने धडा पाठ केला. आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ खुर्चीवर बसून पाय उचलला. सातानंतर त्याचा घोळ व्हायचा, म्हणून गोदाक्का खाटेवरून आकडे सांगायची. तिला वाटलं, शहरात आता असंच निघालं असेल. औषध एकाने घ्यायचं, गुण दुसऱ्याला.

दुसऱ्या मंगळवारी मॅडमनी विचारलं, पाय कसा आहे?

"झकास," सर्जेराव म्हणाला. "बांधावर चढताना जरा कुरकुर व्हायची, ती पण ग्येली."

मग मॅडमनी फोड करून सांगितलं. पाय ज्यांचा मोडला, व्यायाम त्यांनी करायचा. तुम्ही करायचा नाही. तुम्ही मागे उभं राहायचं, अगदी जवळ. कमरेला हात लावायचा आणि धीर द्यायचा, भिऊ नका, मी आहे.

सर्जेरावाने धडा पाठ केला. मॅडमची स्कूटी वळणाआड गेली आणि चंद्री म्हशीला पाण्यावर न्यायची वेळ झाली. चंद्री गोठ्यात अडून उभी होती, पाय उचलत नव्हती. सर्जेराव तिच्या मागे गेला, अगदी जवळ. तिच्या कमरेला हात लावला आणि म्हणाला, "भिऊ नगंस, मी हाय."

चंद्री भ्याली नाही. सर्जेराव गोठ्याच्या बाहेर येऊन पडला.

मांडी काळीनिळी झाली. दोन दिवस तो खाटेवर कण्हत होता आणि पाणी पाणी करत होता. घरात तिसरं माणूस नाही. गोदाक्काने तासभर वाट बघितली, मग आपल्या नशिबाला चार शब्द ऐकवले. वॉकरवरचं लुगडं काढलं, वॉकर धरला आणि माठापर्यंत गेली. सहा पावलं. पोराला पाणी पाजलं आणि सहा पावलं परत आली. तेव्हाच्या रागात तिला भ्यायचं सुचलंच नाही.

तिसऱ्या मंगळवारी मॅडमना आधी सहा पावलं कळली, त्या हरखल्या. मग मांडी कळली. त्या म्हणाल्या, सर्जेराव, जनावराच्या मागे कधी उभं राहतात का? समोर उभं राहावं, लांब. हातात चारा दाखवावा, चुचकारावं. आलं की पाठीवर थोपटावं.

सर्जेरावाने धडा पाठ केला. दुसऱ्या दिवशी आईला चालवायची वेळ झाली. गोदाक्का ओसरीच्या एका टोकाला वॉकर धरून उभी राहिली आणि मागून कुणी धरायला येईल म्हणून थांबली. सर्जेराव दुसऱ्या टोकाला गेला. त्याच्या हातात कडब्याची पेंडी होती.

"हैक, हैक," तो म्हणाला. "ये, ये, ये."

गोदाक्काने एकदा पेंडीकडे बघितलं, एकदा पोराकडे बघितलं. तिने नऊ महिने ज्याला पोटात वाढवलं होतं तो हाच का, असं तिला खरोखर वाटलं. मग ती निघाली. वॉकर आपटत, दात खात, एकदाही न थांबता. चौदा पावलं. सर्जेरावाला आनंद झाला. ती जवळ आल्यावर त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. तिने पेंडी त्याच्या हातातून घेतली आणि त्याच पेंडीने त्याला झोडपलं.

चौथ्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, चौदा पावलं, वा. मग त्यांना पेंडी कळली. त्या तोंडाला ओढणी लावून दोन मिनिटं भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. परत वळल्या तेव्हा चेहरा गंभीर होता. माणसाला चारा दाखवायचा नसतो, त्या म्हणाल्या, माणसाला कौतुक लागतं. म्हाताऱ्या माणसाने पाऊल टाकलं की म्हणायचं, वा, छान, अजून एक पाऊल, शाब्बास.

सर्जेरावाने धडा पाठ केला. गुरुवारी तारूबाई आली, जावेची चौकशी करायला. चौकशी म्हणजे पाय कितपत चालतो ते बघायला. अंगणात उभं राहून ती दारातल्या गोदाक्काशी बोलत होती. कशाला जिवाला तरास करून घेताय बाई, म्हणत होती, ओटीचं आम्ही बघू की. बोलता बोलता ती दारातून आत काय दिसतं ते बघायला लागली. नीट दिसेना, म्हणून एक पाऊल मागे सरकली. मागे शेणाचा खड्डा होता. नुकताच कालवलेला.

सर्जेराव खड्ड्याशेजारीच उभा होता. म्हातारं माणूस आहे, पाऊल टाकतंय, हे त्याच्या लक्षात आलं.

"वा काकी," तो म्हणाला. "छान. अजून एक पाऊल."

तारूबाईला वाटलं, पुतण्या आज वळणावर आहे. ती अजून एक पाऊल सरकली.

"शाब्बास. अजून एक."

पुढचं गोदाक्काला दारातून नीट दिसेना, नुसता आवाज आला. बावन्न वर्षांत असा आवाज तिने ऐकला नव्हता. तिने उंबरा ओलांडला, दोन पायऱ्या उतरली, अंगण पार केलं आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. तीस पावलं. पायऱ्या कशा उतरायच्या हे मॅडमनी तिला अजून शिकवलंही नव्हतं. तारूबाई कमरेपर्यंत आत होती. गोदाक्का मनसोक्त बघून घेऊन परत गेली आणि त्या रात्री भाकरी अर्धी जास्त जेवली.

तारूबाई जाताना म्हणाली, आता जत्रेतच बघते.

पाचव्या मंगळवारी मॅडमनी तीस पावलांचं कौतुक केलं आणि डोक्याला हात लावला. म्हातारं माणूस पडायला लागलं, त्या म्हणाल्या, तर बोलत बसायचं नाही. कुणी लटपटलं, पाय थरथरले, की सरळ पुढे व्हायचं. दोन्ही खांदे धरायचे आणि चटकन खाली बसवायचं. उठू द्यायचं नाही.

सर्जेरावाने धडा पाठ केला. शनिवारी पारावर जत्रेची बैठक बसली. तारूबाईने उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, थोरल्या जाऊबाईंचा पाय धड नाही, देवीचं काम आहे, उगीच खोळंबा नको, मान आत्ताच धाकट्या घराला द्या.

निनाईचा गुरव ब्याऐंशी वर्षांचा. गोदाक्काची बावन्न वर्षांची ओटी त्याच्या हातातून देवीपुढे गेलेली. त्याला फार वाईट वाटलं. म्हातारी येईल तेव्हा येईल, सांज झाली तरी देवी थांबेल, असं त्याला सांगायचं होतं, आणि त्याने सांगितलं असतं तर त्याच्यापुढे कुणी बोललं नसतं. तो काठीवर रेलून उठायला लागला. त्या वयाला गुडघे थरथरतातच.

सर्जेराव शेजारीच बसला होता. त्याने दोन्ही खांदे धरले आणि गुरवाला चटकन खाली बसवलं.

गुरव परत उठला. सर्जेरावाने परत बसवला. तिसऱ्या वेळी गुरवाच्या तोंडून "गोदा" एवढं निघालं आणि तो खाली गेला. चौथ्या वेळी म्हातारा उठलाच नाही, त्याला दम लागला. पंचांना वाटलं, गुरवाचं काही म्हणणं दिसत नाही. त्यांनी ठरवून टाकलं. आठ दिवसांनी, रविवारी जत्रा. सूर्य माथ्यावर यायच्या आत गोदाक्काची ओटी देवीपुढे पोचली तर मान तिचा. नाही पोचली तर तारूबाईने भरायची.

सर्जेरावाने घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. गुरव पडत होता, मी तीनदा वाचवला, हेही सांगितलं.

गोदाक्का उठली. वॉकर तिला अडचणीचा वाटला, तिने कोपऱ्यातली काठी घेतली. सर्जेराव अंगणातून निघाला, ती त्याच्या मागे निघाली. सर्जेराव तारूबाईच्या दारावरून गेला, तीही गेली. पिंपळापाशी तिने त्याला गाठलं. दीडशे पावलं. लोकांनी मोजली, कारण प्रत्येक पावलाला ती एक नवी शिवी देत होती आणि एकही शिवी दोनदा आली नाही.

सहाव्या मंगळवारी मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या हुशार बाई होत्या. सर्जेरावाला शिकवण्यात अर्थ नाही, सर्जेरावाला वापरण्यात अर्थ आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"सर्जेराव, आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. "आई तुमच्या मागे चालतात. मग तुम्ही पुढे चालायचं. दहा पावलं अंतर ठेवायचं. त्यांना हवी असलेली वस्तू तुमच्या हातात असू दे. मागे बघायचं नाही आणि थांबायचं नाही. तुम्ही थांबलात की त्या थांबतील."

सर्जेरावाने धडा पाठ केला. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो धडा त्याने जिथल्या तिथे वापरला. सकाळ-संध्याकाळ तो आईचा पानाचा डबा घेऊन पुढे निघायचा. गोदाक्का काठी टेकत मागे. रोज थोडा मोठा वळसा घालून वाट घरीच यायची आणि सर्जेराव स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. बुधवारी दोनशे पावलं झाली, शुक्रवारी चारशे, शनिवारी पाचशे. लोक म्हणाले, सर्जेराव सुधारला. आम्हीही म्हणालो. झाकून कशाला ठेवायचं?

रविवारी जत्रा भरली. गोदाक्काने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. ओटीचं ताट तिने स्वतः भरलं, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पण एका हातात काठी, मग ताट कसं पेलणार? ताट सर्जेरावाच्या हातात दिलं. देवीपुढे गेल्यावर माझ्या हातात दे, म्हणाली. सर्जेराव दहा पावलं पुढे झाला. गोदाक्काने उंबरा ओलांडला.

सगळं गाव दुतर्फा उभं होतं. हलगी थांबली. तारूबाई आपल्या दारात आपलं ताट घेऊन तयार उभी होती, तिच्या समोरून गोदाक्का ताठ मानेने पुढे गेली. पिंपळ आला, पिंपळ मागे पडला. देवळाला तीन पायऱ्या. तिने चांगला पाय आधी टाकला, मग दुखरा. एक, दोन, तीन. कुणी हात लावला नाही. बायांच्या डोळ्यांना पदर लागले.

सूर्य माथ्यावर यायला अजून घटकाभर अवकाश होता. सर्जेराव मंडपात शिरला. गुरव ओटी घ्यायला दोन्ही हात पसरून उभा होता. उभं राहायच्या आधी त्याने सर्जेराव लांब आहे ना ते बघून घेतलं होतं. सर्जेराव गुरवासमोर आला. देवीसमोर आला. आई दहा पावलं मागे होती.

सर्जेराव थांबला नाही.

निनाईच्या मंडपाला मागे एक दार आहे, विहिरीवरून देवीचं पाणी आणायला. सर्जेराव त्या दाराने बाहेर पडला. ताट त्याच्याबरोबर गेलं.

"आरं थांब," गोदाक्का म्हणाली. तो थांबला नाही. मग ती काय करणार? ओटी पुढे चालली होती. ती मागच्या दाराने ओटीमागे गेली.

माणसं अडवायला धावली. पण भरलेल्या ओटीला धक्का लागून ती सांडली तर पाप कुणाच्या माथी, म्हणून सर्जेरावाला कुणी धरेना. गोदाक्काला तर हात लावायचीच बंदी. मग सगळे दोघांच्या बाजूने ओरडत चालले. शिवेपर्यंत आले आणि उभे राहिले, कारण जत्रेच्या दिवशी तळसगावचा माणूस शीव ओलांडत नाही. सर्जेरावाने ओलांडली. त्याच्यामागे दहा पावलांवरून गोदाक्काने ओलांडली. तिला त्या वेळी शीव दिसत नव्हती, फक्त पोराचं टाळकं दिसत होतं.

दोन मैलांवर मोरवस्ती. वाटेत ओढा लागला, कोरडा. सर्जेराव उतरला आणि चढला, गोदाक्का उतरली आणि चढली. तिथे तिने काठी नेम धरून त्याला फेकून मारली. लागली नाही. तो चालत राहिला, ती चालत राहिली.

मोरवस्तीत जोखाईचं देऊळ आहे, निनाईची ही धाकटी बहीण. सर्जेराव सरळ त्यात शिरला आणि देवीपुढे जाऊन उभा राहिला. तिथल्या गुरवाने बघितलं, दारात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी घामाघूम होऊन अनवाणी येतेय आणि पुढे ओटीचं भरलं ताट आहे. कुठून आलात, त्याने विचारलं. सर्जेराव म्हणाला, तळसगाव, थोरलं घर. थोरल्या बहिणीच्या गावची ओटी चालत आली म्हटल्यावर गुरवाला गहिवरून आलं. गोदाक्का बोलायला श्वास गोळा करत होती, तेवढ्यात त्याने ताट घेतलं, ओटी जोखाईपुढे ठेवली आणि घंटा वाजवली.

मोरवस्ती गोळा झाली. लोक म्हातारीच्या पाया पडले. पंचांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की आजपासून जोखाईची पहिली ओटी तळसगावच्या थोरल्या घराची, दरवर्षी, अशीच चालत.

गोदाक्काला पायरीवर बसवून गूळपाणी दिलं. ती पाणी पीत होती तेव्हा वाऱ्यावरून तळसगावचे ताशे ऐकू आले. निनाईची पहिली ओटी भरली की ते वाजतात. तारूबाईने भरली होती.

गोदाक्का रडली. बावन्न वर्षांचा मान गेला, तिला फार लागलं. मग तिने उठायला काठी चाचपली.

"काठी कुठं हाय माझी?"

"वढ्यात," सर्जेराव म्हणाला. "तू मला मारलीस."

ओढा तिथून मैलभर मागे होता. गोदाक्काने आपल्या दोन्ही पायांकडे बघितलं. तिला हसू आलं. रडूही थांबत नव्हतं, म्हणून ती दोन्ही करत बसली. जरा वेळाने तिने डोळे पुसले आणि पोराकडे बघितलं.

"सर्जा, तिथं गुरव हात पसरून हुबा व्हता. तू थांबला का न्हाईस?"

"मॅडमनी सांगितलंय, थांबायचं न्हाई."

"मग हितं कसा थांबलास?"

सर्जेरावाने जोखाईच्या पाठीमागे बोट दाखवलं.

"हितं भिंत हाय."

तेवढ्यात मोरवस्तीचे पंच हात जोडून सर्जेरावाजवळ आले. फुडल्या साली आक्का चालत येणार, म्हणाले, मोठ्या मानाची गोष्ट, तर आक्कांच्यासाठी देवळात काय सोय करून ठेवू?

सर्जेरावाने देऊळ नीट न्याहाळलं.

"मागल्या भिंतीला एक दार पाडा," तो म्हणाला.